लिहून देणार तिघे

हे खरेदीखत…

आत्याचा अंगठा उमटला नाही.

कारकुनानं तो शाईच्या गादीवर टेकवला, डावीकडून उजवीकडे लोळवला आणि कागदावर दाबला. कागदावर एक जांभळा गोल आला. रेघ नाही, भोवरा नाही. सदऱ्याच्या बटणाला शाई लावून टेकवलं असतं तरी निदान चार भोकं दिसली असती.

"पुन्हा," कारकून म्हणाला.

पुन्हा तोच गोल. मग डावा अंगठा. मग ओल्या फडक्यानं पुसून परत उजवा. शेवटी कारकुनानं आत्याचा पंजा उलटा करून दिव्याखाली धरला आणि वाकून बघितलं.

"आजी, बोटांना काय झालंय तुमच्या?"

"आरसे," आत्या म्हणाली.

एवढ्यावर कुणाला काही कळणार नव्हतं. म्हणून मग धाकटीनंच सांगितलं. आमचं आरशांचं दुकान आहे. पुढं भाऊ काच कापतो आणि मागच्या खोलीत आत्या काचेला लेप द्यायची. आयुष्यभर दिला. त्यात तेजाब असतं, क्षार असतात, बोटांची कातडी जाते. हातमोजे घालायचे असतात, पण ती म्हणायची मोज्यातून काच कळत नाही. धाकटी हे सगळं तिच्या रोजच्या आवाजात बोलली. इस्पितळाच्या खिडकीवर ती रोग्यांची नोंदणी करते, त्या आवाजात. सुटसुटीत, पुढच्या माणसाला ऐकू जाईल असं, आणि मागून रांग ढकलतेय हे गृहीत धरून.

आज सगळं तिच्याच हातात होतं. फाइलमध्ये रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. कुणी कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली. घर विकत घेणारी दातांची डॉक्टर वेळेवर आली होती, वकील वेळेआधी. थोरल्या भावाची आणि तिची स्वतःची सही झाली होती, ठसे झाले होते. राहिली होती फक्त आत्या. आत्या म्हणजे काय, शेवटची फुली.

काचेच्या आडोशामागून नोंदणी अधिकारी उठून आला. सर्दीनं बेजार माणूस, गालात गोळी, हातात रुमाल. त्यानं चारही जांभळे गोल बघितले.

"सही करता येते?"

"येते," आत्या म्हणाली.

"सही चालेल. पण ठसा लागत नाही तेव्हा दस्त मी स्वतः वाचून दाखवायचा असतो आणि विचारायचं असतं, असा नियम आहे. यांना एकटीला. बाकीच्यांनी बाहेर थांबा."

"आम्ही घरचेच आहोत," थोरला म्हणाला.

"म्हणूनच," अधिकारी म्हणाला आणि शिंकला.

…आम्ही तिघांनी…

बाहेरच्या गॅलरीत एक लांब बाक होता. थोरला त्याच्या टोकाला बसला आणि उजवा हात डाव्या हाताखाली ठेवला. अलीकडं तो असाच बसतो. बायकोनं एकदा विचारलं होतं, थंडी वाजते का. तो हो म्हणाला होता.

घर आजोबांनी विकत घेतलं तेव्हा दोन्ही मुलांच्या नावावर केलं होतं. मुलगा आणि मुलगी, निम्मं निम्मं. मुलगा म्हणजे बाबा. बाबा गेल्यावर त्यांचं निम्मं थोरला आणि धाकटी यांच्याकडं आलं. दुसरं निम्मं आत्याचं, पहिल्यापासून. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गच्चीवर पाण्याची टाकी आहे हे ठाऊक असतं तसं. टाकी बघायला रोज कोण वर जातं?

आत्यानंही कधी आठवण करून दिली नाही. तिचं एकच वाक्य होतं, तुमचं तुम्ही ठरवा. बाबांचं लग्न झालं आणि वरची पुढची खोली नव्या जोडप्याला द्यायची ठरली, तेव्हा ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. आणि अंथरूण उचलून खाली आली. दुकान वाढवायला तिच्या खोलीतून भिंत काढली तेव्हाही तेच. लहानपणी थोरला आणि धाकटी त्याचा खेळ करायचे. एकानं विचारायचं, वरणात मीठ आहे का? दुसऱ्यानं मान खाली घालून म्हणायचं, तुमचं तुम्ही ठरवा. आणि दोघांनी लोळून हसायचं. आणखी एक खेळ होता. लेपाचं भांडं ओतताना आत्याची करंगळी हवेत सरळ उभी असायची, भांड्यापासून, काचेपासून, सगळ्यापासून लांब. बाबा म्हणायचे, राणीसरकार चहा घेतायत. मग दोघं पोरं पाण्याचे पेले करंगळी वर करून प्यायची.

थोरल्यानं बंद दाराकडं बघितलं. दाराच्या वरच्या भागात खरबरीत काच होती. पलीकडं एक उंच सावली वाचत होती आणि एक बुटकी सावली ऐकत होती.

काच वाकडी बसवलीय, त्याच्या मनात आलं. खालच्या कोपऱ्यात फट आहे.

"पाच मिनिटांचं काम असतं," वकील म्हणाला. "उपचार नुसता. वाचतात, विचारतात, संपलं."

"काय विचारतात?" थोरल्यानं विचारलं.

"संमती आहे का, एवढंच."

…कोणाच्याही दडपणाखाली न येता…

"दादा, तू तिला विचारलं होतंस ना?"

"कशाला विचारायचं? तिला ठाऊकच होतं. डॉक्टरीणबाई खोल्या बघायला आल्या तेव्हा चहा तिनंच केला."

"चहा केला म्हणजे घर विकायला हो म्हटलं?"

"मला वाटलं तू विचारलंस, धाकटे. कागदांचं सगळं तू बघतेस."

"कागदांचं बघते. आत्याचं तू बघतोस."

"आत्याचं तुझी वहिनी बघते."

"अहो, मी त्यांची औषधं बघते. कानात थेंब घालते. घर विकू का हे मी कोण विचारणार? मी तर इथं नुसती साक्षीदार आहे."

"पण वहिनी, सहा महिने तुमच्याकडं आणि सहा महिने माझ्याकडं असं ठरलं तेव्हा ती होती ना खोलीत?"

"होत्या. वाटाणे सोलत होत्या."

"मग ऐकलं असेल."

"ऐकलं असेलच, वन्सं. तुमचा आवाज काही हळू नाही."

"आणि काही बोलली नाही."

"काय बोलणार? तुम्ही दोघं भांडत होता."

"भांडत नव्हतो, चर्चा करत होतो."

"बरं, चर्चा. मग चर्चेत नाणं उडवलंत. आधी कुणाकडं, यावर. वन्सं, तुम्ही हरलात म्हणून त्या आधी तुमच्याकडं जाणार."

धाकटीनं फाइल उघडून पुन्हा मिटली.

"गंमत होती ती," थोरला म्हणाला.

"हो ना. त्याही हसल्या असतील."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला दातांची डॉक्टर आपल्या मोबाइलमध्ये बघत होती. बराच वेळ बोट हललं नव्हतं. वकिलानं घसा साफ केला.

"म्हणजे बाईंना प्रत्यक्ष असं कुणीच…?"

"वकीलसाहेब," धाकटी म्हणाली, "मी रोज खिडकीवर बसून विचारते. ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायच्या आधी. वाचलंत ना? समजलं ना? काही शंका असली तर आत्ताच विचारा. आजवर एकाही माणसाला मी न विचारता सोडलेलं नाही."

"मग?"

"मग काय. सगळी परकी माणसं असतात ती."

…वाचून…

अधिकारी छान वाचत होता. भरभर नाही आणि शाळेत वाचतात तसं ओरडूनही नाही. मधे थांबून गोळी या गालातून त्या गालात सरकवायचा, तेवढाच खंड.

आत्या हात मांडीवर ठेवून बसली होती. आपल्या घराबद्दल कुणीतरी इतका वेळ बोलतंय याचं तिला नवल वाटत होतं. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला कुलूपवाल्याची भिंत. पश्चिमेला सामाईक बोळ. बरोबर. तळमजल्यावर दुकान, वरती दोन खोल्या, मागील बाजूस गोदाम.

"गोदाम नाही ते," आत्या म्हणाली.

"मग काय आहे?"

"लेपाची खोली."

"मोजमाप तेच आहे ना?"

"तेच आहे."

"मग चालतं."

"तुम्हाला चालतं," आत्या म्हणाली.

अधिकाऱ्यानं तिच्याकडं बघितलं, पेन्सिल घेतली आणि त्या ओळीखाली बारीक रेघ मारली. मग पुढं वाचलं. घराची किंमत, ती एका चेकनं, थोरल्याच्या नावे. लिहून देणार तिघांनी घराचा खाली ताबा आजच दिला असे.

खाली म्हणजे रिकामा. तिला वाटलं होतं, खाली म्हणजे तळमजल्याचा. तिनं विचारून घेतलं आणि मान हलवली.

"संपलं," अधिकारी म्हणाला. "आता मी विचारतो. तुम्ही उत्तर द्या. या घरात तुमचा अर्धा हिस्सा आहे, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तो तुम्ही विकताय, हे समजलं?"

"समजलं."

"हे सगळं राजीखुशीनं करताय? तुमची संमती आहे?"

"तुमचं तुम्ही ठरवा," आत्या म्हणाली.

ते वाक्य तिच्या तोंडातून आपोआप आलं, शिंक येते तसं. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"मला ठरवता येत नाही, आजी. मी फक्त लिहितो. हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर नाही."

"नाही म्हटलं तर काय होतं?"

"दस्त होत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. सगळे घरी जातात."

आत्यानं दाराच्या काचेकडं बघितलं. पलीकडं चार-पाच सावल्या होत्या, एकमेकींत मिसळलेल्या. खालच्या कोपऱ्यात फट होती.

"आणि तिसरं काही असतं का?"

"तिसरं म्हणजे?"

"हो, पण."

अधिकारी हसला नाही. त्यानं रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"पणला माझ्याकडं जागा नाही. ते बाहेर ठरवून यायचं. आता जेवणाची सुट्टी होईल. परत बसलो की पहिला तुमचाच दस्त घेतो. तोवर काय ते ठरवा. आणि नाही ठरलं तरी या. नाही हे सुद्धा मला लिहावंच लागतं."

…समजून-उमजून…

साक्षीदारानं काय बघायचं असतं? वकिलानं वहिनीला सांगितलं होतं, काही नाही, यांनी तुमच्यासमोर सही केली एवढं तुम्ही बघितलंत.

वहिनीनं बरंच बघितलं होतं.

थोरला आणि ती नवा फ्लॅट बघायला निघायचे तेव्हा आत्याला घरी ठेवून जायचे. घराला कुणीतरी हवं म्हणून, आणि तिचे गुडघे म्हणून. परत आले की आत्या खुर्चीत असायची, तशीच, शाल पायावर घेऊन. पण दारातल्या तिच्या चपला हललेल्या असायच्या. जाताना भिंतीकडं तोंड करून, आल्यावर दाराकडं. एकदा चपलेच्या तळाला ओला चुना होता. एकदा चपला चक्क एकीवर एक पडलेल्या, घाईघाईनं काढल्यासारख्या. वहिनीनं त्या दर वेळी सरळ केल्या. विचारलं नाही. या घरात सून म्हणून आल्यापासून ती हेच शिकली होती, आत्याला काही विचारायचं नसतं. विचारलं तरी उत्तर एकच येतं, मग विचारणाऱ्याचंच तोंड पडतं.

दार उघडलं. सगळे उभे राहिले. एरवी आत्या खोलीत आली म्हणून कुणी उभं राहत नसे.

"झालं?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे?" वकील पुढं आला. "नकार दिलात?"

"त्यांनी विचारलं मला," आत्या म्हणाली आणि बाकावर बसली. जणू तिच्या मते एवढ्यात सगळं आलं.

डॉक्टर जवळ आली. ती तशी शांत बाई होती, पण आता आवाज जरा वर गेला. "हे बघा, मी जुन्या जागेची मुदत संपवलीय. खुर्ची, यंत्रं, सगळं बांधून ठेवलंय. तुमचं घरातलं काही असेल तर मला आधी कळायला हवं होतं."

"तुम्हालाच काय, आम्हालाही," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा ताणला होता. "आत्या, इतके महिने चाललंय हे. तू एक शब्द बोलली नाहीस. आणि आज, इथं, परक्या माणसांपुढं?"

"अहो, थांबा," वहिनी म्हणाली.

"तू मधे बोलू नको."

"साक्षीदार आहे मी. बोलणार." ती आत्याच्या शेजारी बसली. तिनं चपलांकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. "आत्या, आम्ही फ्लॅट बघायला जायचो तेव्हा तुम्ही कुठं जायचात?"

…राजीखुशीने…

"खोल्या बघायला," आत्या म्हणाली.

थोरल्याला आधी ते वाक्य कळलंच नाही.

"कसल्या खोल्या?"

"राहायच्या. तुम्ही तुमच्या बघत होता, मी माझ्या. एक होती ती ओलीची होती. हात लावला की चुना निघायचा. एकीत मालकीण फार बोलायची. मग घड्याळं दुरुस्त करतो ना, त्याच्या वरची बघितली. उत्तरेला खिडकी आहे. दिवसभर सारखा उजेड, ऊन नाही. काचेच्या कामाला तसाच लागतो. आता काम नाही, पण सवय आहे."

"घड्याळवाल्याच्या वर?" धाकटी म्हणाली. "अगं तो जिना बघितलास का? गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

"तिथं एकटी राहणार?"

"खाली इतकी घड्याळं आहेत. एकटं कसं वाटेल?"

वहिनीला हसू आलं आणि तिनं ते शालीच्या घडीत लपवलं. थोरल्याला हसू आलं नाही. त्यानं आत्यासाठी हॉलमध्ये घडीची खाट घेऊन ठेवली होती. खाट बघायला तो तीन दुकानं फिरला होता. आपण तिला सांभाळणार आहोत, हे त्यानं स्वतःलाच इतक्या वेळा सांगितलं होतं की ते तिला सांगायचं राहूनच गेलं.

"आमच्याकडं काय कमी पडलं असतं तुला?"

"काही नाही. नाणं सुद्धा तुमचंच होतं."

धाकटी उठून गॅलरीच्या कठड्याशी गेली. पाठ करून उभी राहिली. खाली जिन्याशी टंकलेखक डबा उघडून बसला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली, जणू तो काय खातो हे कळणं फार गरजेचं होतं.

"मी ते… आम्ही थट्टेत," थोरला म्हणाला.

"कळलं मला. थट्टाच होती. पण नाणं पडलं आणि धाकटी म्हणाली, अरे देवा. ते थट्टेत नव्हतं."

कठड्याशी धाकटीचे खांदे हलले. ती वळली नाही.

आत्यानं तिच्या पाठीकडं बघितलं, बराच वेळ. "धाकटे, तुझ्या एवढ्याशा घरात तूच कडेला अंग चोरून झोपतेस. मला कुठं घालणार होतीस? मी असते तरी अरे देवाच म्हटलं असतं. इकडं ये. बस."

धाकटी आली. बसली. आत्याच्या डाव्या बाजूला वहिनी, उजवीकडं धाकटी. थोरला एकटा उभा. हात लपवायला त्याला जागा राहिली नव्हती. त्यानं तो खिशात घातला.

"काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"हात."

त्यानं काढला. उजवा पंजा थरथरत होता. फार नाही, चहाच्या कपातला चहा हलेल इतका. बायकोनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. थंडी नव्हती ती.

"कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

"मला ठाऊक आहे कधीपासून," आत्या म्हणाली. "काच माझ्याकडंच यायची ना मागं. आधी तुझ्या कडा अशा असायच्या की बोट फिरवलं तरी कळू नये, काच कुठं संपली. मग कडा खडबडीत यायला लागल्या. मी घासून घ्यायचे. म्हटलं, सांगेल. तू काही सांगितलं नाहीस. एक दिवस म्हणालास, घर विकायचंय, धंद्यात आता राम राहिला नाही. मी म्हटलं, बरं, अजून नाही सांगायचं त्याला."

थोरला आपल्या पंजाकडं बघत होता.

"तू येऊन म्हणाला असतास, आत्या, माझा हात गेला, तर मी तिथंच हो म्हटलं असतं. लेप सोडून आले असते."

"तू तरी विचारायचंस," तो म्हणाला. "तुला कळलं होतं ना? मग का नाही विचारलंस?"

आत्या थांबली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता असं दिसलं.

"मलाही कुठं सवय आहे," ती म्हणाली.

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सुट्टी संपत आली होती. वकिलानं घड्याळ बघितलं पण बोलला नाही, हे त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम होतं. डॉक्टर मात्र अजून उभीच होती, हातात पर्स घट्ट धरून.

"मग," थोरला म्हणाला, "विकायचं ना?"

"असं नाही. नीट विचार."

तो तिच्यासमोर आला. बाकावर जागा नव्हती, म्हणून उकिडवा बसला, लहानपणी लेपाच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसायचा तसा. पन्नाशीच्या माणसाचे सांधे कुरकुरले. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागला.

"आत्या, माझ्यानं आता काच कापवत नाही. घर विकावं असं मला वाटतं. अर्धं तुझं आहे. तुझी संमती आहे का?"

तिनं आधी शालीचं टोक नीट केलं. त्यानं मधे दुसरं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आहे," आत्या म्हणाली. "पण माझ्या हिश्श्याचा चेक माझ्या नावानं. आणि ते गोदाम खोडायचं."

थोरला डॉक्टरकडं वळला. डॉक्टरनं पर्स खांद्याला लावली. "बँक इथून कोपऱ्यावर आहे. चेक बदलून आणते, मला काय." ती निघाली, मग परत आली. "तुमच्या त्या खोलीत मी दातांचा फोटो काढायचं यंत्र बसवणार आहे. म्हणजे, बसवू का?"

आत्यानं तिच्याकडं कौतुकानं बघितलं.

"बसवा. अंधार चांगला आहे तिथं. फक्त जमीन मोरीकडं उतरती आहे. यंत्राखाली पाचर घाला."

…लिहून दिले असे.

दस्त पुन्हा टंकलिखित करायचा तर उद्यावर गेलं असतं. पण हातानं दुरुस्ती चालते, अधिकारी म्हणाला, फक्त प्रत्येक खोडलेल्या शब्दाशेजारी सगळ्यांनी सही करायची. म्हणून मग गोदाम या शब्दावर आडवी रेघ आली आणि वरती, बारीक अक्षरात, लेपाची खोली. एका चेकच्या ओळीवर रेघ आली आणि समासात नवी ओळ. धाकटीनं आपल्या रंगीत चिकटपट्ट्या एकेक करून काढल्या. आता त्यांचा काही उपयोग नव्हता, सह्या सगळ्या नको तिथं पडल्या होत्या.

थोरल्याची सही वाकडी आली. त्यानं डाव्या हातानं मनगट धरलं होतं, आणि या वेळी कुणी बघत नाही ना हे बघितलं नाही.

अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, संमती आहे?"

"आहे."

त्यानं लिहिलं. मग कारकुनाला म्हणाला, "ठशाची जागा रिकामी सोडायला मला बरं वाटत नाही. बाकीची बोटं बघितलीस का?"

कारकुनानं तर्जनी घेतली. गोल. मधलं बोट. गोल. अनामिका, त्यात दोन-तीन तुटक रेघा, नसल्यासारख्या. मग करंगळी.

करंगळी कागदावरून उचलली आणि कारकून नुसता बघत राहिला. भोवरा होता. भोवऱ्याभोवती रेघा, रेघांभोवती रेघा, एकही तुटलेली नाही. सत्तरी उलटलेल्या बाईचं ते एकच बोट कधी कामाला लागलेलं नव्हतं.

"राणीसरकार," थोरला पुटपुटला.

धाकटीनं ऐकलं. ती हसली नाही, पण तिनं त्याच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला आणि तिथंच राहू दिला. वहिनीनं साक्षीदार म्हणून सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. तिला या कागदावर तेवढंच लिहायचं होतं आणि तिनं ते वेळ लावून लिहिलं.

आत्यानं बोट पुसलं नाही. जिना उतरताना तिनं एका हातानं कठडा धरला होता आणि शाई लागलेली करंगळी सवयीनं लांब ठेवली होती. थोरला तिच्या एक पायरी पुढं उतरत होता, ती पडली तर असावं म्हणून. तिनं आधार मागितला नव्हता आणि त्यानं देऊ का असंही विचारलं नव्हतं, हे त्याच्या अर्ध्या जिन्यात लक्षात आलं.

तो थांबला.

"हात देऊ?"

"नको. कठडा आहे."

"बरं."

आणखी थोडं उतरून झाल्यावर तो म्हणाला, "घड्याळवाल्याच्या जिन्याला आहे का कठडा?"

"आहे. एका बाजूला."

"आत्या, आम्ही आलो तिथं, तर?"

ती खालच्या पायरीवर पोचली. चपला नीट पायात आहेत का बघितल्या. रस्त्यावर उजेड होता, तिनं डोळे बारीक केले.

"या की," ती म्हणाली. "विचारून या."